दुसरी सही कोणाची? न्यूयॉर्कचा कंट्रोलर पुन्हा पुन्हा निवडून येतो, त्याचा अर्थ

2022 च्या ऑक्टोबरातली गोष्ट. माझी मावसबहीण न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहते. नागरिकत्व मिळाल्यावर ती राज्याच्या निवडणुकीत पहिल्यांदाच मत देणार होती. तिने नमुना मतपत्रिकेचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. "दादा, गव्हर्नर कळला. ॲटर्नी जनरल म्हणजे सरकारचा वकील, तेही कळलं. पण या दोघांच्या मध्ये ही कॉम्प्ट्रोलरची ओळ कसली? आणि त्यासाठी मी का मत द्यायचं?"

त्या ओळीत मुख्य लढत दोघांची होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे थॉमस डिनापोली आणि रिपब्लिकन पक्षाचे पॉल रॉड्रिग्ज. डिनापोली सुमारे 57 टक्के मतं घेऊन जिंकले. 2010, 2014, 2018 आणि 2022 अशी त्यांची ही सलग चौथी निवडणूक, आणि खुर्चीवर ते 2007 पासून आहेत. 3 नोव्हेंबर 2026 च्या मतपत्रिकेवर हीच ओळ पुन्हा असते. बहिणीला मी फोनवर अर्धवटच सांगू शकलो होतो. नंतर बरंच वाचलं, तेव्हा कळलं की तिचा प्रश्न वाटला तितका साधा नव्हता.

## आधी हा शब्द

लिहायचं 'कॉम्प्ट्रोलर', पण उच्चार बहुतेकदा 'कंट्रोलर' असाच होतो. मूळ जुन्या फ्रेंच भाषेत आहे आणि अर्थ आहे 'उलट वही', म्हणजे मुख्य वहीशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी नोंद. पावतीपुस्तकातली पावती देणाऱ्याला जाते आणि पुस्तकात स्थळप्रत राहते. वर्षअखेरीला कोणी विचारलं तर ती स्थळप्रत बोलते. कंट्रोलर म्हणजे मुळात ही स्थळप्रत सांभाळणारा माणूस. मधला 'प' पुढे 'हिशेब' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशी गल्लत होऊन शिरला.

एक गोंधळ इथेच मिटवू. न्यूयॉर्क शहराचा कंट्रोलर वेगळा. 2025 मध्ये ममदानी महापौर म्हणून निवडून आले, त्याच निवडणुकीत मार्क लेव्हिन शहराचे कंट्रोलर म्हणून निवडून आले. हा लेख राज्याच्या कंट्रोलरबद्दल आहे.

## हा माणूस करतो काय?

आपल्या ग्रामपंचायतीत पैसे काढायचे तर सरपंचाची सही लागते आणि ग्रामसेवकाचीही. एकट्याच्या सहीने पैसा हलत नाही. न्यूयॉर्क राज्यात गव्हर्नर आणि विधिमंडळ खर्च ठरवतात, पण राज्याचं बिल अदा होण्याआधी कंट्रोलरने ते तपासलं पाहिजे, असं राज्यघटनाच सांगते. मोठी कंत्राटंही त्याच्या कार्यालयाच्या मंजुरीशिवाय लागू होत नाहीत. ही दुसरी सही.

पैसा खर्च झाल्यावर खात्यांचं, गावांचं, शाळांच्या जिल्हा मंडळांचं लेखापरीक्षण तोच करतो. बँकांत पडून राहिलेली, कोणी न मागितलेली रक्कमही त्याच्याकडे जमा होते आणि मूळ मालकाने मागितली की तो ती परत करतो. माझ्या बहिणीला असेच काही डॉलर मिळाले, भाड्याच्या जुन्या घराच्या वीज जोडणीची विसरलेली अनामत.

पण या सगळ्याहून मोठं काम आहे पेन्शनचं. लोकांचं त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष असतं.

## महाराष्ट्राच्या बजेटच्या तिप्पट पैसा, विश्वस्त एकच

राज्याचे कर्मचारी आणि न्यूयॉर्क शहराबाहेरच्या गावा-शहरांचे कर्मचारी, पोलीस, अग्निशमन जवान यांची पेन्शन एका सामायिक निधीतून दिली जाते. नोकरीतले आणि निवृत्त मिळून सुमारे 12 लाख लोक त्यावर अवलंबून आहेत. (शिक्षकांचा निधी वेगळा आहे.) मार्च 2025 अखेर या निधीत जवळपास 273 अब्ज डॉलर होते. रुपयांत ते 23 लाख कोटींच्या आसपास जातात. महाराष्ट्राचं 2025-26 चं पूर्ण बजेट सुमारे 7 लाख कोटींचं होतं.

एवढ्या पैशाचा विश्वस्त कोण? एकटा कंट्रोलर. सल्लागार समित्या आहेत, तज्ज्ञ कर्मचारी आहेत, पण कायद्याने अंतिम शब्द त्याचा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असा निधी मंडळाच्या हाती असतो. एकाच माणसाच्या हाती तो सोपवणारी राज्यं अगदी थोडी.

आपल्याकडे मार्च 2023 च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा गावोगावी ऐकू आली. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यावरून तो संप होता. जुन्या पेन्शनमध्ये रकमेची हमी होती, पण त्यासाठी वेगळा साठा नव्हता. दर वर्षीच्या बजेटमधूनच पैसे जात. संपावेळच्या नव्या योजनेत साठा होता, पण रकमेची पक्की हमी नव्हती. बाजार पडला तर झळ कर्मचाऱ्याला. न्यूयॉर्कने हमीही ठेवली आणि साठाही. तिथे 1938 मध्ये घटनेत कलम घातलं गेलं की पेन्शन हा करार आहे आणि ठरलेला लाभ कमी करता येणार नाही. मग बाजार पडला तर तूट कोणी भरायची? गावांनी, शहरांनी, राज्याने. म्हणजे करदात्याने. 2008 च्या मंदीनंतर एका वर्षात निधी सुमारे 29 टक्क्यांनी आटला, सुमारे 154 अब्जांवरून 109 अब्जांवर. पुढच्या काही वर्षांत गावांना पगारखर्चाच्या 20 टक्क्यांहून जास्त रक्कम पेन्शनसाठी भरावी लागली. लहान गावांची इतकी ओढाताण झाली की काही भाग हप्त्याने भरायची सोय करून द्यावी लागली.

## सगळी मेख एका गृहीत आकड्यात

मुलीच्या शिक्षणासाठी 20 वर्षांनी 10 लाख रुपये लागणार आहेत असं धरा. आज किती बाजूला ठेवायचे? वर्षाला 8 टक्के वाढ मिळेल असं मानलं तर सुमारे 2 लाख 15 हजार पुरतात. 5.9 टक्केच मिळतील असं मानलं तर 3 लाख 18 हजार लागतात. मुलगी तीच, गरजही तीच. फक्त तुमच्या गृहीतकाने आजचा भार दीडपट झाला किंवा हलका झाला.

पेन्शन निधीतही असंच 'गृहीत परताव्याचा दर' ठरवावा लागतो. दर जास्त धरला की गावांना आज कमी पैसे भरावे लागतात, कर वाढत नाहीत, सगळे खूश. प्रत्यक्ष परतावा तेवढा आला नाही तर बिल पंधरा-वीस वर्षांनी येतं आणि तोवर खुर्चीवर दुसराच कोणी असतो. चार वर्षांनी मत मागायला जाणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा मोह नाही.

डिनापोलींच्या काळात हा दर 2010 मध्ये 8 वरून 7.5 वर आला, 2015 मध्ये 7 वर, 2019 मध्ये 6.8 वर आणि 2021 मध्ये थेट 5.9 वर. मार्च 2021 ला संपलेल्या वर्षी निधीने साडेतेहतीस टक्के कमावले होते. अशा वर्षी सगळा फायदा गावांची वर्गणी कमी करण्यात उडवता आला असता आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. त्यांनी त्यातला बराच भाग गृहीत दर खाली आणण्यासाठी वापरला. त्यांच्या कारकिर्दीतलं हे मला सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं, आणि प्रचारात सांगायला ते तितकंच कठीण आहे. "मी तुमचा गृहीत दर उतरवला" असं म्हणून सभा कोण जिंकणार?

## हडसन नदीच्या पलीकडे

मराठी कुटुंबांची मोठी वस्ती न्यू जर्सीत आहे, म्हणून तिथलंही पाहू. न्यू जर्सीत राज्याचा खजिनदार गव्हर्नर नेमतो. राज्य पातळीवर लोक निवडतात ते गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर. तिथे दोन्ही पक्षांच्या सरकारांनी वर्षानुवर्षं पेन्शनमध्ये भरायचे पैसे कमी भरले किंवा भरलेच नाहीत. 2010 मध्ये अमेरिकेच्या सेबीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाने, ही तूट रोखे घेणाऱ्यांपासून दडवल्याचा ठपका न्यू जर्सीवर ठेवला. राज्य सरकारवर असा आरोप होण्याची ती पहिलीच वेळ.

न्यूयॉर्कच्या राज्यकर्त्यांनाही हा मोह झाला होता. 1990 मध्ये विधिमंडळाने हिशेबाची पद्धत बदलून वर्गणी घटवली. प्रकरण कोर्टात गेलं. 1993 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. निधी कसा भरायचा हे ठरवणं कंट्रोलरचं काम आहे, ते काढून घेणं म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेवर घाला, असा त्या निकालाचा गाभा होता.

एवढ्यावरून "निवडलेला कंट्रोलर चांगला, नेमलेला वाईट" असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. न्यूयॉर्कला घटनेतल्या कलमाने आणि कोर्टानेही वाचवलं. पण पेन्शनच्या वर्गणीची मागणी पाठवणारा माणूस गव्हर्नरच्या हाताखालचा नव्हता, याने फरक पडला असणार असं मला वाटतं.

## "पण एकाच माणसावर इतका विश्वास?"

ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर न्यूयॉर्कला फार महागात मिळालं.

डिनापोलींच्या आधी ॲलन हेवेसी कंट्रोलर होते. 2006 च्या निवडणुकीआधी त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने कंट्रोलरच्याच गैरव्यवहार तक्रार क्रमांकावर फोन करून कळवलं की हेवेसी सरकारी कर्मचाऱ्याला आपल्या आजारी पत्नीच्या दिमतीला, गाडी चालवायला लावतात. चौकशी झाली, निवडणुकीआधीच ठपकाही आला. तरीही नोव्हेंबरमध्ये हेवेसी आरामात निवडून आले. डिसेंबरमध्ये गुन्हा कबूल करून त्यांना राजीनामा द्यावा लागला.

मोठी भानगड नंतर बाहेर आली. पेन्शन निधीचे पैसे कोणत्या गुंतवणूक कंपनीकडे द्यायचे, हे ठरवताना मधल्या दलालांना कमिशन मिळत होतं आणि कंट्रोलरच्या राजकीय सल्लागाराचे हात त्यात होते. एका कंपनीला निधीतून 25 कोटी डॉलर मिळाले आणि बदल्यात हेवेसींना सहली, निवडणूक निधी वगैरे धरून जवळपास 10 लाख डॉलरचे लाभ. 2010 मध्ये त्यांनी ते कबूल केलं, 2011 मध्ये तुरुंगात गेले.

म्हणजे मतपेटीने इथे राखण केली नाही. लोकांसमोर बातमी होती, तरी त्यांनी पक्षाच्या चिन्हावर खूण केली. राखण केली ती सरकारी वकिलांनी आणि नंतर बदललेल्या नियमांनी. डिनापोलींनी 2009 मध्ये पेन्शन निधीच्या व्यवहारात अशा दलालांना बंदी घातली. 2010 मध्ये केंद्रीय नियम आला. ज्या कंपनीने अशा पदाधिकाऱ्याच्या प्रचाराला ठरावीक मर्यादेपलीकडे देणगी दिली, तिला दोन वर्षं त्या निधीकडून फी घेता येत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर एकट्या विश्वस्ताची पद्धत बदलायला हवी. आजवर एक प्रामाणिक माणूस लाभला, म्हणून पुढचाही तसाच असेल हे गृहीत धरणं म्हणजे 8 टक्के परतावा गृहीत धरण्यासारखंच आहे.

## "पक्षाचा माणूस आपल्याच पक्षाला कसा पकडणार?"

डिनापोली यांची पहिली नेमणूक लोकांनी केलेली नव्हती. हेवेसी गेल्यावर फेब्रुवारी 2007 मध्ये विधिमंडळाने त्यांना निवडलं. गव्हर्नर एलियट स्पिट्झर यांनी माजी कंट्रोलरांच्या समितीकडून तीन नावं सुचवून घेतली होती. आमदारांनी ती बाजूला ठेवून आपल्यातलाच एक आमदार बसवला. स्पिट्झर भडकले. आर्थिक क्षेत्राचा अनुभव नसलेला, आमदारांचा दोस्त, अशी टीका झाली. टीका चुकीची नव्हती. वयाच्या 18 व्या वर्षी शाळा मंडळावर निवडून आल्यापासून त्यांचं आयुष्य राजकारणातच गेलेलं.

पुढचा इतिहास मात्र सरळ नाही. 2011 नंतर गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्या काळात राज्य विद्यापीठाच्या बऱ्याच कंत्राटांवरची कंट्रोलरची आगाऊ तपासणी काढून घेण्यात आली. काम लवकर व्हावं, हे कारण. काही वर्षांतच बफेलो शहरातल्या, याच विद्यापीठाशी जोडलेल्या मोठ्या प्रकल्पात निविदेच्या अटी ठरावीक ठेकेदाराच्या मापाने बेतल्याचे आरोप झाले, खटले चालले. त्यातल्या शिक्षा 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या मुद्द्यावर रद्द केल्या, हेही सांगायला हवं. पण ज्या ठिकाणची दुसरी सही काढली, तिथेच वाद पेटला, हे विसरता येत नाही.

कोविडमध्ये वृद्धाश्रमांतल्या किमान 4,100 मृत्यूंचा हिशेब आरोग्य खात्याने लोकांसमोर ठेवला नाही, असं मार्च 2022 च्या लेखापरीक्षणात डिनापोलींच्या कार्यालयाने स्पष्ट लिहिलं. कुओमो त्यांच्याच पक्षाचे. मात्र अहवाल आला तोवर कुओमो राजीनामा देऊन सात महिने झाले होते. हा अहवाल धाडसाचा म्हणायचा की उशिराचा, यावर दोन मतं असू शकतात. मी त्याला उपयोगी म्हणेन. ज्यांची आई किंवा आजोबा त्या आकड्यात होते, त्यांच्यासाठी सरकारी कागदावर खरा आकडा येणं ही लहान गोष्ट नाही.

## मग तोच माणूस पुन्हा पुन्हा का?

सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदाराच्या निवडीला कितीशी चर्चा होते? "काका करताहेत ना नीट, राहू द्या" म्हणतात आणि चहा येतो. राज्य पातळीवरही जवळपास तसंच होतं. गव्हर्नरची लढत टीव्हीवर दिसते, कंट्रोलरची दिसत नाही. लोक वरच्या ओळीत ज्या पक्षाला मत देतात, त्यालाच खालीही देत जातात. न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक मतदार खूप जास्त. वर, दर आठवड्याला कोणत्या ना कोणत्या अहवालाची बातमी खुर्चीवरच्या माणसाच्या नावाने छापून येते. आव्हान देणाऱ्याचं नावच कोणी ऐकलेलं नसतं.

2010 ला मात्र घाम फुटला होता. कुओमो गव्हर्नरपदासाठी 60 टक्क्यांहून जास्त मतं घेऊन जिंकले, त्याच दिवशी डिनापोली रिपब्लिकन हॅरी विल्सन यांच्यापुढे चार-पाच टक्क्यांनी निभावले. विल्सन गुंतवणूक क्षेत्रातले जाणकार होते आणि मंदीच्या ताज्या जखमेमुळे लोक पेन्शनबद्दल प्रश्न विचारत होते. प्रतिस्पर्धी तयारीचा असला आणि विषय पेटलेला असला की हीच मतपत्रिका परीक्षा घेते.

2014 मध्ये सरकारी पैशातून निवडणूक खर्च देण्याचा प्रयोग झाला आणि तो फक्त या एका पदासाठी ठेवला गेला. डिनापोलींनी त्यात भाग घेतला नाही. रिपब्लिकन उमेदवाराने घेतला, पण पात्रतेसाठी लागणाऱ्या लहान देणग्याच त्याला जमवता आल्या नाहीत. या ओळीला लोक किती कमी लक्ष देतात, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला सापडला नाही.

मुदतीची मर्यादा नाही, हा आणखी एक भाग. आर्थर लेव्हिट हे 1955 ते 1978 असे 24 वर्षं या पदावर होते.

## आपण दार उलट बाजूने लावलं

आपल्याकडे कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. 'कंट्रोलर' हा शब्द त्यांच्याही इंग्रजी पदनामात आहे, पण बिल अदा होण्याआधी त्यांची सही लागत नाही. ते नंतर तपासतात. त्यांना राष्ट्रपती नेमतात, मुदत 6 वर्षं किंवा वयाची 65, आणि काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागते तीच प्रक्रिया. घटनेच्या 148 व्या कलमात आणखी एक अट आहे. पद सोडल्यावर केंद्र किंवा कोणत्याही राज्य सरकारचं पद त्यांना घेता येत नाही. म्हणजे पुढच्या खुर्चीची आशाच काढून घेतलेली.

न्यूयॉर्कने हिशेबनिसाला गव्हर्नरपासून सोडवलं, पण मतदार आणि देणगीदारांशी बांधलं. आपण त्याला मतांपासून आणि पुढच्या पदापासून सोडवलं, पण निवडीची चावी सरकारकडेच ठेवली. महाराष्ट्राच्या हिशेबावरचा कॅगचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि मग विधिमंडळात मांडला जातो. कधी मांडायचा याची मुदत घटनेत नाही. बरेचदा तो अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतो आणि सभागृहात चर्चेला वेळच उरत नाही. न्यूयॉर्कचा अहवाल कोणाच्या परवानगीची वाट न पाहता कंट्रोलर स्वतः जाहीर करतो. हे मला मनापासून हवंसं वाटतं, निवडणुकीशिवायही.

बहिणीने फोन ठेवण्याआधी विचारलं होतं, "म्हणजे मी नक्की बघू काय?" आज विचारलं तर सांगेन, दोन गोष्टी. गृहीत दर चार वर्षांत खाली आला की वर गेला, आणि प्रचाराला पैसे कोणी दिले. तेव्हा मला पहिली माहीत नव्हती, म्हणून फक्त दुसरी सांगितली. देणगीदारांची यादी राज्याच्या निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर नावांसकट मिळते. तिच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला की दोन्ही उमेदवारांच्या याद्या वाचता वाचता दीड वाजला.